थिजणें आणि गोठणें

इतिहासकाराचा सर्व व्यवहार साक्षीदारांवर चालतो. जुना कागद, शिलालेख, नाणें, पडकी भिंत, यांपैकीं कांहींतरी मागें राहतें आणि तें उलटसुलट तपासून आपण गेलेल्या काळाविषयीं दोन शब्द बोलण्याचें धाडस करतों. साक्षीदार खोटें बोलत असला तरी एक वेळ चालतें. तो खोटें कां बोलतो हें शोधतांनाहि पुष्कळ हातीं लागतें. परंतु ज्या घटनेचा मुख्य साक्षीदारच घटनेनंतर थोड्या वेळांत नाहींसा झाला, तिच्याविषयीं निश्चयानें कांहीं म्हणतां येईल काय? आमच्या शास्त्रांतील हा जुना प्रश्न आहे. त्याचें एक विचार करण्यासारखें उत्तर अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे विमानविद्येच्या इतिहासांत, सांपडतें. लांब पल्ल्याच्या विमानांतील इंधन आकाशांतील थंडीनें गारठतें. त्या गारठ्यावर वैमानिकांनीं नजर कशी ठेवावी याचे नियम कसे घडत गेले, आणि ते सर्व नियम पाळले असतांहि १७ जानेवारी २००८ रोजीं एक प्रचंड विमान लंडनच्या धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर कां आदळलें, ही हकीकत प्रस्तुत लेखांत सांगावयाची आहे.

विषय यांत्रिक असला तरी त्याची किल्ली आपल्या भाषेंतील दोन साध्या क्रियापदांत आहे. थंडीच्या दिवसांत सकाळीं खोबरेलाची बाटली उन्हांत किंवा चुलीच्या उबेस ठेवावी लागते, हें महाराष्ट्रांतील कोणत्याहि घरीं सांगावयास नको. तेल एका क्षणांत दगड होत नाहीं. आधीं तें गढूळ दिसूं लागतें, मग त्यांत पांढरे कण तरंगतात, आणि शेवटीं बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाहीं. यास आपल्या घरांतील स्त्रिया तेल थिजलें असें म्हणतात, तूपहि थिजतें. पाणी मात्र गोठतें. त्याचा एक ठराविक अंश आहे आणि तेथें पोंचतांच त्याचा स्वभाव पालटून तें बर्फ होतें. थिजणें हा स्निग्ध पदार्थांचा धर्म आणि गोठणें हा पाण्याचा. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे.

आज मोठीं प्रवासी विमानें ज्या इंधनावर चालतात तें मूलतः घासलेटच होय. पहिल्या पिढीचीं विमानें पेट्रोलवर चालत. विमानाचें पेट्रोल शून्याखालीं ५८ अंशांपर्यंत प्रवाही राहिलेंच पाहिजे असा दंडक आहे. शिवाय तीं विमानें फार उंच जात नसत आणि वारंवार उतरत. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघालें तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला पोंचलें. अशा प्रवासांत टाकीतील इंधन गारठून जाण्याइतका अवधीच मिळत नसे. परंतु फ्रँक व्हिटल या इंग्रज अभियंत्यानें आपल्या नव्या जेट यंत्रासाठीं घासलेट पत्करलें. त्या यंत्रानें १५ मे १९४१ रोजीं विमान उडवून दाखविलें. आणि २ मे १९५२ रोजीं लंडनहून जोहान्सबर्गला कॉमेट विमान निघालें तेव्हां प्रवासी वाहतुकींतहि जेटचें युग सुरू झालें. पेट्रोलपेक्षां घासलेट सहजासहजीं पेट घेत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु तें अधिक लवकर थिजतें, हा त्याचा दोष. गुण पाहून वस्तु घरांत आणावी आणि मागाहून तिच्या दोषाशीं जन्मभर संसार करावा, असा प्रकार मनुष्याच्या इतिहासांत नवा नाहीं.

हें विमानी घासलेट एकजिनसी नसतें. अनेक हायड्रोकार्बनांचें तें मिश्रण आहे. थंडी वाढली म्हणजे त्यांतील जड घटक प्रथम मेणाच्या कणांच्या रूपानें वेगळे होतात. म्हणून त्याचा गोठणबिंदु ठरवितांना शास्त्रज्ञ उलट्या दिशेनें जातात. थिजविलेलें इंधन सावकाश ऊन करावयाचें आणि मेणाचा शेवटचा कण ज्या उष्णतामानास विरघळतो तो त्याचा गोठणबिंदु मानावयाचा. नांव गोठण्याचें, पण मोजलें जातें तें थिजणें. अमेरिकेंत प्रचलित असलेल्या ‘जेट ए’ इंधनाचा हा बिंदु शून्याखालीं ४० अंशांहून वर असूं नये आणि इतर बहुतेक देशांत मिळणाऱ्या ‘जेट ए-१’चा शून्याखालीं ४७ अंशांहून वर असूं नये, असे नियम आहेत. या सात अंशांच्या फरकासाठीं वैमानिकाला आपल्या टाकींत कोणत्या देशाचें तेल आहे याची आठवण सर्व प्रवासभर ठेवावी लागते.

आतां आकाशांतील थंडीचा विचार करूं. दहा-अकरा हजार मीटर उंचीवर हवा सामान्यतः शून्याखालीं ५० ते ६० अंश असते. हिवाळ्यांत सैबेरियावर अथवा ध्रुवप्रदेशावर ती ७० अंशांच्याहि खालीं जाते. इंधन ठेवण्याची जागा म्हणजे विमानाचे पंख, आणि पंखांएवढा वाऱ्यास उघडा पडलेला दुसरा भाग विमानास नाहीं. असें असतां सर्वच लांबचीं विमानें वाटेंत थिजून कां पडत नाहींत? याचें उत्तर वेगांत आहे. वेगानें जाणाऱ्या विमानापुढें हवा दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळें तापते. बाहेरील हवा शून्याखालीं ६५ अंश असेल, तर ध्वनीच्या ८४ शतांश वेगानें जाणाऱ्या विमानास ती शून्याखालीं सुमारें ३६ अंशांची भासते. टाकींतील इंधन या दुसऱ्या, भासमान उष्णतामानाच्या मागें मागें जातें. आणि तेंहि फार सावकाश, तासाला सरासरी दोन-तीन अंशांनीं. म्हणून मुंबईहून दिल्लीस जाणाऱ्या वैमानिकास या गोष्टीची चिंता करावी लागत नाहीं. दहा-पंधरा तास एकसारखें थंडींतून जाणें हीच खरी परीक्षा.

या परीक्षेसाठीं वैमानिकांचा आचारधर्म ठरला तो थोडक्यांत असा. टाकींत उष्णतामापक असतो. त्याचा आंकडा त्या इंधनाच्या गोठणबिंदूहून निदान तीन अंश वर राहिला पाहिजे. तो खालीं सरकूं लागला तर उपाय तीन. पहिला, वेग वाढविणें. ध्वनीच्या वेगाच्या एका शतांशानें विमान अधिक पळविलें कीं अर्ध्या अंशाहून थोडी अधिक ऊब मिळते. दुसरा, खालीं उतरणें. बहुधा तीन ते पांच हजार फूट उतरलें म्हणजे पुरतें, क्वचित् त्याहून पुष्कळ खालीं यावें लागतें. तिसरा, मार्ग बदलून थंड हवेच्या पट्ट्यास वळसा घालणें. तिन्ही उपायांत इंधन अधिक जळतें. थिजण्याच्या भयानें अधिक जाळावें, तर पुढें पुरेल कीं नाहीं याचें भय. या दोन भयांच्या मधून वाट काढणें हें वैमानिकाचें खरें कसब. आणि उपायाचा परिणाम टाकींत दिसावयास पाऊण तास, तासभर लागत असल्यामुळें त्याला संकट दिसण्यापूर्वींच पाऊल उचलावें लागतें.

शीतयुद्ध संपल्यानंतर या कसबास मोठें क्षेत्र मिळालें. रशियाचें आकाश खुलें होत गेलें, आणि ६ जुलै १९९८ रोजीं कॅथे पॅसिफिकचें विमान न्यूयॉर्कहून ध्रुवप्रदेशावरून न थांबतां हाँगकाँगच्या नव्या विमानतळावर उतरलें. अमेरिकेच्या विमान खात्यानें ७८ अक्षांशांच्या उत्तरेस जाणाऱ्या कंपन्यांना इंधन थिजूं नये म्हणून काय योजना केली आहे हें आधींच ठरवून ठेवण्याची अट घातली. जानेवारी २०२१ मध्यें कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखालीं चार स्त्री-वैमानिकांनीं एअर इंडियाचें विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला आणलें, तेव्हां त्यांनाहि सुमारें सतरा तासांच्या त्या प्रवासांत हीच नजर ठेवावी लागली असली पाहिजे.

येथवरची सर्व व्यवस्था थिजण्याविरुद्ध होती. गोठण्याचा शत्रु निराळा. इंधनांत पाणी असतेंच. कितीहि गाळलें तरी थोडा अंश त्यांत विरघळून राहतो. आणि इंधन थंड होत गेलें कीं हें विरघळलेलें पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपानें बाहेर पडतें व त्याचे बर्फकण होतात. अमेरिकन लष्करास याचा अनुभव पूर्वींच आला होता. १९५८ सालीं बी-५२ जातीच्या एका बाँबफेकी विमानाला अपघात झाला, त्याचें कारण इंधनांतील बर्फ असें ठरलें. आणि पुढें लष्करी इंधनांत बर्फ होऊं न देणारें एक द्रव्य मिसळण्याची प्रथा पडली. मुलकी विमानांनीं ती प्रथा सामान्यतः घेतली नाहीं. त्यांची भिस्त दुसऱ्या एका युक्तीवर होती. इंजिनाचें वंगणतेल फार तापतें आणि त्यास थंड करावें लागतें. इंधन फार गारठतें आणि त्यास ऊब हवी असते. तेव्हां दोघांची गांठ घालून द्यावी. एका पेटींत हजाराहून अधिक बारीक नळ्यांतून थंड इंधन जातें आणि त्या नळ्यांच्या बाहेरून ऊन तेल वाहतें. एकाचा ताप जातो, दुसऱ्याचा गारठा जातो आणि आलेले बर्फकण तेथेंच वितळतात. ही योजना सुंदर होती, आणि अनेक वर्षें तिनें कोणासहि दगा दिला नव्हता.

आतां त्या दिवसाकडे वळूं. ब्रिटिश एअरवेजचें ३८ क्रमांकाचें उड्डाण १७ जानेवारी २००८ रोजीं बीजिंगहून लंडनकडे निघालें. विमान बोइंग ७७७ जातीचें, त्याचीं दोन्ही इंजिनें रोल्स-रॉइसचीं. विमानांत १३६ उतारू व १६ कर्मचारी. निघतांना टाक्यांत सुमारें ७९ टन इंधन होतें व तें शून्याखालीं दोन अंश होतें. मंगोलिया, सैबेरिया, उरल पर्वत, स्कँडिनेव्हिया असा मार्ग होता. वाटेंतील हवा त्या दिवशीं विशेष थंड असल्याचें वैमानिकांना ठाऊक होतें आणि ते इंधनाच्या उष्णतामानावर लक्ष ठेवून होते. बाहेरची हवा शून्याखालीं ७० अंशांच्याहि खालीं गेली. टाकींतील आंकडा शून्याखालीं ३४ पर्यंत उतरून तेथून पुन्हां वर चढूं लागला. या आंकड्यास मर्यादा अजून दूर होती. मागाहून त्या इंधनाची प्रत्यक्ष परीक्षा केली तेव्हां तें शून्याखालीं ५७ अंशांपर्यंत थिजत नव्हतें असें दिसून आलें. म्हणजे थिजण्याची रेषा तेवीस अंश दूर होती. उष्णतामापक खरें सांगत होता, आणि वैमानिकांनीं त्याचा अर्थहि बरोबर लावला होता.

हीथ्रो विमानतळ समोर दिसत होता. विमान सह-वैमानिक जॉन कॉवर्ड यांच्या हातीं होतें. कप्तान पीटर बर्किल शेजारीं होते. जमिनीपासून सुमारें ७२० फुटांवर असतां स्वयंचलित यंत्रणेनें अधिक शक्ति मागितली. इंजिनांनीं क्षणभर ती दिली. मग उजव्या इंजिनाची शक्ति आपोआप घसरली आणि सात सेकंदांनीं डाव्याचीहि तशीच घसरली. इंजिनें बंद पडलीं नव्हतीं, परंतु मागितलेलें देत नव्हतीं. टाक्यांत दहा टनांहून अधिक इंधन शिल्लक होतें. वेग कमी होत गेला. ऑटोपायलट नाक वर उचलून मार्ग धरून ठेवण्याची धडपड करीत होता आणि त्यामुळें वेग आणखी घटत होता. अशा वेळीं बर्किल यांनीं पंखांचे फ्लॅप ३० वरून २५ वर आणले. फ्लॅप पसरले म्हणजे विमान हळू उतरूं शकतें, परंतु हवेचा अडथळाहि वाढतो. तो अडथळा त्यांनीं कमी केला. चौकशींत असें दिसून आलें कीं या एका कृतीनें विमान सुमारें ५० मीटर पुढें गेलें, आणि ती न केली तर तें बहुधा धावपट्टीअलीकडील दिशादर्शक यंत्राच्या खांबांवर आदळलें असतें. विमान धावपट्टीच्या सुमारें ३३० मीटर अलीकडे, विमानतळाच्या कुंपणाच्या आंतील हिरवळीवर टेकलें. चाकें मोडून पडलीं आणि तें घसरत जाऊन थांबलें. एका उतारूस गंभीर दुखापत झाली, इतर कित्येकांना किरकोळ इजा झाल्या. परंतु १५२ माणसांपैकीं कोणीहि दगावलें नाहीं.

आतां प्रश्न असा कीं हें झालें कसें? लोकांचें कुतूहल पुराव्याची वाट पाहत बसत नाहीं. कोणी म्हणालें इंधन संपलें. कोणी म्हणालें पक्षी आदळले. त्याच दिवशीं ब्रिटनचे पंतप्रधान चीनला जाण्यासाठीं हीथ्रोवर येत होते. त्यांच्या ताफ्यांतील विद्युत्-यंत्रांनीं इंजिनें बिघडविलीं, असाहि तर्क निघाला. आणखी एक अफवा त्याहून दुष्ट होती. कप्तान त्या क्षणीं भयानें जागच्या जागीं थिजून गेला, असें त्यांच्याच व्यवसायांत कुजबुजलें जाऊं लागलें. शब्द पहा कसा उलटून आला. जें इंधन थिजलें नव्हतें त्याच्याऐवजीं एक जिवंत मनुष्य थिजल्याचा आरोप आला. बर्किल यांना या कुजबुजीचा त्रास फार झाला. २००९ सालीं त्यांनीं नोकरी सोडली आणि २०१० सालीं ते पुन्हां रुजू झाले.

चौकशी करणारी ब्रिटनची सरकारी शाखा मात्र सावकाश काम करीत होती, आणि तिच्यापुढील अडचण खरोखर इतिहासकाराचीच होती. इंधन तपासलें, तें निर्दोष. टाक्या, नळ्या, झडपा तपासल्या, त्या जागच्या जागीं. संगणकांच्या नोंदी तपासल्या. झडपा अधिकाधिक उघडत होत्या, म्हणजे यंत्रणा इंधन मागत होती, आणि इंधन येत नव्हतें. विद्युत्-हस्तक्षेपाचा कांहींच पुरावा सांपडला नाहीं. मागें राहिलेली एकच खूण अशी होती कीं, दोन्ही इंजिनांच्या उच्च दाबाच्या पंपांत धातूवर ताजे ओरखडे होते. पंपास पुरेसें द्रव न मिळतां तो फिरत राहिला कीं असे ओरखडे उठतात. म्हणजे टाकी आणि पंप यांच्या दरम्यान कोठेंतरी वाट अडली होती. पण वाट अडविणारी वस्तु कोठेंहि नव्हती. ती बर्फाची असेल तर अपघातानंतर थोड्याच अवधींत तिचें पाणी झालें, आणि तें पाणी इंधनांत मिसळून गेलें. साक्षीदार वितळून गेला होता.

अशा वेळीं काय करावें? चौकशीकारांनीं दोन मार्ग धरले. पहिला तुलनेचा. तशाच जातीच्या विमानांच्या हजारों उड्डाणांच्या नोंदी काढून त्यांनीं हें एक उड्डाण त्यांच्या शेजारीं ठेवलें. तेव्हां विलक्षण गोष्ट दिसली. याहून थंड इंधन घेऊन दुसरीं विमानें सुखरूप पोंचलीं होतीं. म्हणजे केवळ थंडी हें कारण नव्हे. या उड्डाणाचें वेगळेपण असें कीं, तें अत्यंत शांत होतें. सुरुवातीची चढण संपल्यापासून थेट उतरण्याच्या वेळेपर्यंत इंजिनांना एकदांहि भरपूर इंधन मागावें लागलें नव्हतें. वाटेंत उंची वाढविली तीहि हलक्या हातानें. दुसरा मार्ग प्रयोगाचा. विमानांतील नळ्यांची मांडणी प्रयोगशाळेंत उभी करून त्यांतून थंड इंधन आणि थोडें पाणी सोडलें. त्यावरून असें आढळलें कीं, बर्फ सर्व अंशांवर सारखा वागत नाहीं. फार थंड इंधनांत तो कोरडा राहून वाहून जातो. परंतु शून्याखालीं सुमारें ५ ते २० अंशांच्या दरम्यान तो चिकट होतो आणि नळ्यांच्या आंतील भिंतीस धरून बसतो. प्रवाह मंद असला तर थरावर थर चढतात. मग अखेरीस इंजिनानें एकदम अधिक इंधन मागितलें कीं तो साचलेला बर्फ एकाच वेळीं सुटून त्या ऊब देणाऱ्या पेटीच्या तोंडावर येऊन आदळतो. पेटीतील बारीक नळ्यांचीं तोंडें कांहीं मिलिमीटर बाहेर आलेलीं होतीं. बर्फ त्यांवर अडून राहिला. ज्या पेटीनें बर्फ वितळवावयाचा तिच्याच दारांत तो साचला.

आणि पाणी किती? बीजिंगला भरलेल्या सर्व इंधनांत विरघळलेलें आणि न विरघळलेलें मिळून तें पांच लिटरांहून अधिक नसावें, असा अंदाज केला गेला. इतकें पाणी असणें हा दोष नव्हे. चांगल्या इंधनांत तें तेवढें असतेंच.

इतक्यावरहि एखादा कठोर परीक्षक म्हणूं शकला असता कीं, प्रयोगशाळेंतील बर्फ हा हीथ्रोच्या बर्फाचा पुरावा नव्हे. त्यास उत्तर त्याच वर्षीं मिळालें. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं डेल्टा कंपनीचें त्याच जातीचें, त्याच इंजिनांचें विमान शांघायहून अटलांटाकडे जात असतां अमेरिकेंतील माँटाना राज्यावर त्याच्या उजव्या इंजिनाची शक्ति अशीच आपोआप घसरली. परंतु दोन उड्डाणांमध्यें एक फरक होता. पहिल्या अपघाताच्या चौकशींतून निघालेली सूचना सप्टेंबरमध्येंच वैमानिकांच्या हातीं पडली होती: इंजिन असें वागलें तर त्याकडून अधिक मागूं नका, उलट थ्रॉटल पूर्ण मागें घेऊन अर्धा मिनिट थांबा, म्हणजे प्रवाह मंदावून ऊन तेलास तो बर्फ वितळविण्यास अवसर मिळेल. डेल्टाच्या वैमानिकांनीं विमान खालीं आणलें, थ्रॉटल मागें घेतला आणि इंजिन पूर्ववत् झालें. विमान अटलांटास सुखरूप उतरलें. पहिल्या विमानाला हें साधण्यासारखें नव्हतें. त्याच्याजवळ ७२० फूट होते, दुसऱ्याजवळ ३९,००० फूट आणि एक मागचा अनुभव होता.

अखेरचा अहवाल ९ फेब्रुवारी २०१० रोजीं प्रसिद्ध झाला. पेटीचें तोंड सपाट करून नळ्यांचीं टोकें आंत घेतलीं गेलीं, आणि २०११ च्या आरंभापर्यंत सर्व विमानांतील पेट्या बदलाव्या असा हुकूम निघाला. तोंवर वैमानिकांनीं लांबच्या थंड प्रवासांत मधून मधून आणि उतरण्यापूर्वीं एकदां इंजिनें पूर्ण जोरानें चालवावीं, म्हणजे साचूं पाहणारा बर्फ थोडा थोडा निघून जाईल, असा तात्पुरता नियम होता. माझ्या दृष्टीनें अहवालांतील दोन गोष्टी विशेष आहेत. एक, इतके प्रयोग, इतकी तुलना आणि दुसऱ्या विमानाची साक्ष हातीं असतांहि चौकशीकारांनीं आपल्या निष्कर्षांस संभाव्य कारणें एवढेंच म्हटलें. ज्याचा प्रत्यक्ष अवशेष नाहीं त्याविषयीं कितपत बोलावें ही मर्यादा त्यांनीं सोडली नाहीं. आमच्यापैकीं कित्येक इतिहासलेखकांना तिचा विसर पडतो. दुसरी, दोष कोणाच्या पदरांत टाकावा याचें उत्तर त्यांनीं सरळ दिलें. विमान व इंजिन ज्या कसोट्यांस उतरलीं होतीं त्या कसोट्यांत बर्फ असा एकदम सुटून येईल हा विचारच नव्हता, कारण तो धोका त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हता.

आतां त्या अफवेकडे एकवार पाहिलें म्हणजे तिचा क्षुद्रपणा ध्यानांत येतो. विमान आदळलें हें दिसत होतें. कप्तान दिसत होता. बर्फ दिसत नव्हता. जें दिसत नाहीं त्याचा शोध घेण्यास दोन वर्षें लागतात. जें दिसतें त्यावर ठपका ठेवण्यास दोन घटका पुरतात. इतिहासांतहि असेंच चालतें. पराभव झाला कीं आधीं सेनापति सांपडतो. रसद, पाऊस, रोगराई, खजिन्याची स्थिति हीं कारणें हळू पावलांनीं, पुष्कळदां शतकांनंतर, येतात. सेनापति नेहमींच निर्दोष असतो असें माझें म्हणणें नाहीं. परंतु अदृश्य कारणें शोधून संपण्यापूर्वीं दृश्य मनुष्यास शिक्षा देण्याची जी घाई, तिलाच लोकमत असें गोंडस नांव मिळतें.

दुसराहि एक विचार सुचल्यावांचून राहत नाहीं. आपण सामान्यतः समजतों कीं अपघात बेपर्वाईनें होतात. येथें काटकसर होती, मृदुपणा होता, नियमांचें पालन होतें. आणि नेमकी या सद्गुणांच्या सावलींतच बर्फ साचत गेला. इंजिनांवर कोणी मधून एकदां जोर दिला असता तर बहुधा कांहींच घडलें नसतें. यावरून नियम सोडावे असें कोणी समजूं नये. थिजण्याविषयींचा नियम योग्यच होता व आजहि आहे. फक्त तो एका प्रश्नाचें उत्तर होता, आणि त्या दिवशीं आकाशानें दुसरा प्रश्न विचारला. वैमानिक ज्या उष्णतामापकाकडे पाहत होते तो तेलाचें थिजणें मोजण्यासाठीं ठेवलेला होता. संकट पाण्याच्या गोठण्यांतून आलें. आपल्या घरांतील साध्या बोलींत हे दोन शब्द वेगळे आहेत. यंत्रशास्त्राच्या कोष्टकांत दोहोंना मिळून गोठणबिंदु हें एकच नांव पडलें होतें.

प्रत्येक नियम हा पूर्वीं घडलेल्या एखाद्या घटनेचा उत्तराधिकारी असतो. तीन अंशांचें अंतर राखण्याचा नियम असो, अर्धा मिनिट थ्रॉटल मागें घेण्याचा असो कीं पेटीचें तोंड सपाट करण्याचा असो, त्यामागें कोणाचें तरी भय आणि कोणाचें तरी परिश्रम आहेत. नवा वैमानिक तो नियम पाठ करतो. ज्या लोकांमुळें तो झाला त्यांचीं नांवें त्यास ठाऊक असतातच असें नाहीं, आणि तीं ठाऊक नसलीं तरी त्याचें काम अडत नाहीं. परंतु कोणत्या प्रश्नासाठीं हा नियम केला होता, एवढें तरी त्यास ठाऊक असावें. तें ठाऊक असेल तर नियमानें न विचारलेला प्रश्न समोर आल्यावर त्यास तो ओळखूं येण्याचा संभव आहे. इतिहास शिकविण्याचें याहून मोठें प्रयोजन माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनांत मला सांपडलेलें नाहीं.